विकासाचं अर्थशास्त्र शिकायला कुठून सुरुवात करावी

दर वर्षी जून-जुलैच्या सुमाराला दोन-चार जण तरी गाठतात. "सर, गरीब देश गरीबच का राहतात, हे शिकायचंय. कुठलं पुस्तक घेऊ?" कुणी एमपीएससीचा अभ्यास करत असतो, कुणी इंजिनिअरिंग करून कंटाळलेली असते, एखादा आदिवासी पाड्यावर दोन वर्षं काम करून डोक्यात प्रश्न घेऊन आलेला असतो. मी पुस्तकाचं नाव लगेच सांगत नाही. पुस्तक घेतलं की माणूस पान एकपासून वाचायला लागतो, बचतीवरून वाढीचा दर काढणाऱ्या हॅरॉड आणि डोमार यांच्या समीकरणापाशी अडतो आणि दिवाळीच्या साफसफाईत ते पुस्तक माळ्यावर जातं. निदान माझं तरी असंच झालं होतं.

खाली दिलेली वाट उलटी आहे. आधी एक देश, मग त्याचे आकडे, मग ते आकडे जिथे तयार होतात तो उंबरठा, आणि सिद्धांत त्यानंतर. गणित म्हणाल तर टक्केवारी आणि चक्रवाढ व्याज येत असलं की सुरुवातीला भागतं. इंग्रजी वाचता यायला हवं, कारण बहुतेक आकडेवारी आणि अहवाल त्याच भाषेत आहेत. पण टिपणं मराठीत काढा. परक्या भाषेतलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं की समजल्यासारखं वाटतं. मराठीत लिहायला बसलं की काय कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं.

१. एक देश निवडा, आणि तो भारत नको

"विकसनशील देश" या नावाचा देश नकाशावर नाही. घाना आहे, बोलिव्हिया आहे, व्हिएतनाम आहे. शंभरेक देशांची मोट बांधून शिकायला गेलं की हाती सरासरी तेवढी लागते. भारत नको म्हणतो, कारण भारताबद्दलची आपली मतं चहाच्या टपरीवर आधीच पक्की झालेली असतात, आणि मग अभ्यासाच्या नावाखाली आपण त्याच मतांना पुरावे गोळा करत बसतो.

मी नवख्यांना बहुधा बांगलादेश सुचवतो. जेवणखाण, पाऊसपाणी, सावकारी, एकत्र कुटुंब हे सगळं आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, आणि तरी तो देश आपला नसल्यामुळे डोकं थंड राहतं. शिवाय गोष्ट एका पिढीत मावते. १९७० च्या नोव्हेंबरात भोला चक्रीवादळ, १९७१ मध्ये युद्ध, १९७४ मध्ये दुष्काळ. त्या वेळी या देशाचं काही होईल असं फार कमी जणांना वाटत होतं.

एक वही करा. डाव्या पानावर साल, उजव्या पानावर काय घडलं. धोरणं, निवडणुका, पूर, कारखाने, सगळं. या वहीतलं एक पान कसं दिसतं ते दाखवतो.

साल १९७९. नुरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्याने 'देश गारमेंट्स' नावाची कंपनी काढली होती आणि दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला होता. देवूला बांगलादेशात काय रस? श्रीमंत देशांनी १९७४ पासून कापड-कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटा लावला होता. कोरियाचा कोटा भरत आला होता, बांगलादेशाचा कोराच होता. करारानुसार 'देश'ने १३० जणांना शिकायला बुसानला पाठवलं. सहाएक महिने ते तिथल्या कारखान्यात कापणी, शिलाई, मालाची तपासणी शिकले आणि परत आले. पुढच्या काही वर्षांत त्या १३० पैकी ११५ जण नोकरी सोडून गेले आणि बहुतेकांनी स्वतःचे नाहीतर दुसऱ्या कुणाचे तरी कपड्यांचे कारखाने उभे केले.

मालकाच्या दृष्टीने हा सरळसरळ घाटा. देशाच्या दृष्टीने हेच बी होतं. आज बांगलादेशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे. पण वहीत एवढंच लिहून थांबू नका. शेजारी हेही लिहा की सरकारने दोन साध्या वाटणाऱ्या सोयी करून दिल्या. निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर आयातशुल्क आधी भरावं लागत नव्हतं; आणि परदेशी गिऱ्हाइकाचं हमीपत्र हातात असेल तर त्याच्याच जोरावर बँक कापड आणायला उधारी द्यायची. खिशात भांडवल नसलेल्या माणसाला कारखाना काढता आला तो या दुसऱ्या सोयीमुळे. आणि त्याच पानावर पुढे, २४ एप्रिल २०१३: ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं मेली. तीही याच उद्योगाची नोंद आहे.

अशी दहा-बारा पानं भरली की पुढचं वाचताना पाय जमिनीवर राहतात.

२. चक्रवाढ हाताने करून बघा

वाढीचा दर ३.५ टक्के की ७ टक्के, बातमीत ऐकताना फरक किरकोळ वाटतो. ७२ ला दराने भागा. सात टक्क्यांनी उत्पन्न दहा वर्षांत दुप्पट होतं, साडेतीनने वीस वर्षांत. आता यातून लोकसंख्या वजा करा. १९५० ते १९८० या काळात भारताचं राष्ट्रीय उत्पन्न वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढलं. अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी त्याला 'हिंदू वाढीचा दर' असं खोचक नाव ठेवलं. याच सुमारास लोकसंख्या १९५१ च्या ३६ कोटींवरून १९८१ मध्ये ६८ कोटींवर गेली, म्हणजे वर्षाला दोन टक्क्यांहून थोडी जास्त. माणशी उरले १.३ टक्के. ७२ भागिले १.३, पंचावन्न वर्षं. आजोबांचं उत्पन्न दुप्पट झालेलं बघायला नातू नोकरीला लागावा लागतो.

हे कागदावर एकदा केलं की मग संगणकाकडे वळा. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर १९६० पासूनची देशवार आकडेवारी फुकट मिळते. त्याआधीचं हवं असेल तर अँगस मॅडिसन यांनी सुरू केलेली आणि आता नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात सांभाळली जाणारी मालिका आहे. दरडोई उत्पन्न घ्या, तेही स्थिर किमतींतलं. चालू किमतींतला आकडा घेतला तर महागाईलाच प्रगती समजून बसाल. आलेख काढताना उभ्या अक्षाला लॉग मापनी लावा, म्हणजे जिच्यावर प्रत्येक दुप्पट सारख्याच उंचीची दिसते ती. एक्सेलमध्ये ते एका क्लिकचं काम आहे. लॉग मापनीवर सरळ रेष म्हणजे एकसारखा दर, आणि रेष जिथे मोडते ते साल वहीत शोधायचं.

घाना आणि दक्षिण कोरिया एकाच आलेखावर काढा, सगळेच काढतात. १९६० च्या आसपास दोघांचं दरडोई उत्पन्न जवळजवळ सारखं होतं. आज कोरिया वर्षाला ३० हजार डॉलरच्या पुढे आहे, घाना दोन-अडीच हजारांच्या घरात. व्याख्यानात ही तुलना हमखास टाळ्या घेते. मला ती अर्धवट वाटते. १९६० चा कोरिया युद्धाने मोडला होता म्हणून गरीब होता. पण तिथे कसेल त्याची जमीन करून झाली होती, बहुतेक मुलं प्राथमिक शाळेत होती आणि अमेरिकेची मदत येत होती. उत्पन्नाचा आकडा सारखा असला म्हणून सुरुवात सारखी नव्हती. आलेख काढल्यावर "या आकड्यात काय दिसत नाही?" हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय इथूनच लावून घ्या.

३. न्हाव्याचं दुकान आणि डॉलर

माझ्या पहिल्या निबंधात मी एक गंभीर चूक केली होती, आणि आजही माझे अर्धे विद्यार्थी तीच करतात. आंतरराष्ट्रीय दारिद्र्यरेषा डॉलरमध्ये दिलेली असते. मी तिला त्या दिवशीच्या विनिमय दराने गुणलं आणि गावातले जवळपास सगळेच गरीब ठरवले. आमच्या सरांनी तांबड्या पेन्सिलीने समासात एवढंच लिहिलं, "केस कुठे कापता?"

तालुक्याच्या गावी केस कापायला शंभर रुपये पडतात. न्यूयॉर्कला तेच काम पंचवीस-तीस डॉलरला. कात्री तीच, वेळ तेवढाच, कौशल्यही फारसं वेगळं नाही. बाजारातल्या दराने शंभर रुपयांचा एक डॉलर आणि वर चिल्लर होते, पण आपल्याकडे शंभर रुपयांत जेवढं मिळतं तेवढं एका डॉलरला तिकडे मिळत नाही. हा फरक भरून काढण्यासाठी जगभरच्या किमती गोळा करून क्रयशक्तीचे दर काढतात. भारतासाठी तो दर अलीकडच्या वर्षांत डॉलरला वीस-एकवीस रुपयांच्या आसपास आहे. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये दारिद्र्यरेषा २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली, ते डॉलर या हिशोबाचे आहेत, आणि तेही २०२१ च्या किमतींतले. म्हणजे माणशी रोजचे साठ-पासष्ट रुपये. अडीचशे नव्हेत.

४. आकडा जिथे जन्मतो तिथे जा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. पुस्तकं इथे दोन पानांत आटपतात.

विशीत असताना मी सहा महिने घरोघर पाहणीचं काम केलं. उस्मानाबाद जिल्हा, ज्याला आता धाराशिव म्हणतात. एप्रिल महिना. एका घरी ओसरीवर बसून मी तक्त्यातला प्रश्न वाचला, "गेल्या तीस दिवसांत घरात खाद्यतेल किती लागलं?" त्या मावशींनी माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाल्या, "लागतंय तेवढं आणतो की." घरात तेलाचा डबाच नव्हता. संध्याकाळी पोरगं बाटली घेऊन दुकानात जायचं आणि दोन रुपयांचं सुटं तेल आणायचं. मजुरी मिळाली नाही त्या दिवशी बाटली खुंटीलाच.

मग आम्ही दोघं मागे मागे मोजत गेलो. मागच्या आठवड्यात काम किती दिवस? चार. त्याच्या आधी? "जत्रा होती, त्या आठवड्यात कोण बोलावतंय कामाला?" मधे लेक माहेरी आली होती, तेव्हा भजी झाली, तेल उसनं आणलं. ते धरायचं का? परत केलं का? अजून नाही. दुकानदाराला भाव विचारला, भागाकार केला, आणि अर्ध्या तासाने रकान्यात लिहिलं: एक किलो.

तो "एक किलो" पुढे फार लांब गेला असेल. त्यातून दरडोई मासिक खर्च निघतो, त्यातून गरिबांची टक्केवारी, त्यावरून योजनांचा पैसा आणि विधानसभेतली भाषणं. आकडा खोटा नव्हता. पण तो त्या मावशींच्या आठवणीतून आणि माझ्या भागाकारातून आला होता, हे पुढच्या कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं.

आता याचा मोठा पैलू. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. बराच काळ ती तीस दिवसांचा खर्च विचारत आली. सात दिवसांचा विचारला तर लोकांना जास्त आठवतं आणि खाण्यावरचा खर्च जास्त नोंदला जातो. १९९९-२००० च्या पाहणीत एकाच घराला सात दिवसांचं आणि तीस दिवसांचं, दोन्ही विचारलं गेलं. उत्तरं एकमेकांत मिसळली, आणि नव्वदच्या दशकात गरिबी नक्की किती घटली यावर अर्थतज्ज्ञांची पुढे कित्येक वर्षं जुंपली. माणसं तीच, पोटं तीच. प्रश्नाचा कालावधी बदलला आणि कोट्यवधी लोक रेषेच्या इकडचे तिकडे झाले. २०२२-२३ च्या खर्च पाहणीत पद्धत पुन्हा बदलली, आता एकाच घरी तीन वेगवेगळ्या खेपांना जाऊन विचारतात. ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये निघाला. २०११-१२ मध्ये तो १,४३० होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी निष्कर्ष काढत असेल तर आधी दोन गोष्टी विचारा: महागाई काढली का, आणि प्रश्नावली तीच होती का.

दारिद्र्यरेषा आखण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या गरिबीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज माणशी २,२५० उष्मांक मिळायचे तर खर्च किती, असा त्यांनी हिशोब मांडला आणि १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागासाठी महिना १५ रुपये, शहरासाठी साडेबावीस रुपये अशी रेषा आखली. त्याच्याही शंभर वर्षं आधी दादाभाई नौरोजींनी हिंदी माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न २० रुपयांच्या आसपास काढलं होतं आणि त्याची तुलना तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी केली होती. हे दोन्ही हिशोब मुळातून बघा. रेषा कुठे ओढली यावर वाद घालता येतो, पण तिथेच का ओढली हे त्यांनी पायरी पायरीने लिहून ठेवलंय.

घरबसल्या करायचा अभ्यास: तीस दिवसांचा तक्ता स्वतःच्या घरासाठी भरा. कुणाला न विचारता, आठवणीवर. मग महिनाभर वाण्याची बिलं आणि यूपीआयच्या नोंदी जमवा आणि ताडून बघा. मीठ, तेल आणि बाहेरचा चहा या तिन्हींत तुम्ही बहुधा चुकलेले असाल.

राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडाही असाच. नोव्हेंबर २०१० मध्ये घानाने पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती आणि धंद्यांची यादी धरून मोजतात ते, बदललं आणि अर्थव्यवस्था कागदावर ६० टक्क्यांनी मोठी झाली. देश एका रात्रीत "अल्प उत्पन्न" गटातून वरच्या गटात. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियाने तेच केलं, ८९ टक्क्यांची वाढ झाली आणि तो दक्षिण आफ्रिकेच्या पुढे गेला. जुन्या पायाभूत वर्षात, १९९० मध्ये, तिथे मोबाइल फोनचा धंदा जवळजवळ नव्हताच, तर मोजणार कसा? आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये नवी मालिका आली आणि २०१३-१४ चा वाढीचा दर ४.७ वरून ६.९ टक्के झाला. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. बांगलादेशातही ऑगस्ट २०२४ च्या सत्तांतरानंतर नेमलेल्या श्वेतपत्रिका समितीने आधीचे वाढीचे आकडे फुगवलेले असल्याचं म्हटलं. तुमच्या आलेखातल्या सुरेख सरळ रेषेवर पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवा.

म्हणून आकडे टाकून द्यायचे का? अजिबात नाही. वाणी तराजू थोडा मारतो हे माहीत असलं तरी आपण वजन करूनच घेतो.

५. वाढ आणि विकास हे दोन रकाने वेगळे ठेवा

आतापर्यंत वाढीचे आकडे पाहिले. विकासासाठी दुसरा रकाना आखा: आयुर्मान, बालमृत्यू, शाळेची वर्षं, बाईला किती मुलं. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी १९९० मध्ये मानव विकास अहवाल सुरू केला तो या दुसऱ्या रकान्याकडे लोकांनी बघावं म्हणूनच.

दोन्ही रकाने बरोबर चालतात असा आपला समज असतो. बोत्सवाना बघा. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा देशात १२ किलोमीटर डांबरी रस्ता होता. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. सरकारने खाणीतला निम्मा हिस्सा स्वतःकडे घेतला, पैसा उधळला नाही, आणि पुढची तीन दशकं जगातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांत तो मोजला गेला. त्याच काळाच्या शेवटी एचआयव्हीमुळे आयुर्मान पन्नाशीपर्यंत घसरलं होतं. उत्पन्नाची रेष वर, आयुष्याची खाली.

बांगलादेशात उलट दिसतं. २०१० च्या सुमाराला त्यांचं दरडोई उत्पन्न भारताहून बरंच कमी होतं, पण माणसं जास्त जगत होती आणि तान्ही मुलं कमी दगावत होती. याच्या अनेक कारणांतलं एक जवळून बघण्यासारखं आहे. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या एक कोटीहून जास्त घरी गेल्या आणि आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवलं: अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ. पाकीट नाही, मोजमाप बोटांचं. खरी गंमत पगारात होती. महिन्याभराने दुसरंच माणूस काही घरी अचानक जाऊन बघायचं, आईला पाणी नीट करता येतं का. जेवढ्या आयांना येत असेल त्यानुसार शिकवणारीचा पगार. किती घरं "केली" याला मोल नव्हतं. आपल्याकडच्या कितीतरी योजना किती घरं "केली" याच मोजणीवर चालतात, हे सहज जाता जाता.

६. आता सिद्धांत, पण प्रश्नाचं उत्तर म्हणून

एवढं झाल्यावर सिद्धांत वाचायला घ्या. प्रत्येक सिद्धांताला विचारा, हा माणूस कुठल्या प्रश्नाने अस्वस्थ झाला होता?

सुरुवात आर्थर लुईस यांच्यापासून करा. कॅरिबियन बेटांवरच्या सेंट लुशियाचा हा माणूस, १९७९ चा नोबेल मानकरी. १९५४ च्या लेखात त्यांनी मांडलं ते कोकणातल्या माणसाला नवं वाटणार नाही. चार भाऊ तुटपुंज्या जमिनीवर राबतात. त्यातला एक मुंबईला गिरणीत गेला तरी भात तेवढंच पिकतं, कारण त्याच्या वाटचं काम बाकीचे तिघं करून टाकतात. गावाकडे अशी माणसं भरपूर असेपर्यंत गिरणीमालकाला मजुरी वाढवावी लागत नाही. नफा पुन्हा गिरणीत जातो, आणखी माणसं लागतात. गावातली जादा माणसं संपली की मजुरी चढायला लागते. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर चालणारी गावं आणि गिरणगाव या दोन टोकांमध्ये लुईस यांचा सगळा लेख बसतो. पण पुढचं त्यांच्या सांगण्यासारखं झालं का? भारतात अजून ४५ टक्क्यांच्या घरात कामकरी शेतीत आहेत आणि शेतीचा उत्पन्नातला वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आहे. गावातली जादा माणसं गिरण्यांनी कधी पुरेशी ओढलीच नाहीत. हे का, यावर महिनाभर वाचता येईल.

याच लुईस यांना १९५७ मध्ये स्वतंत्र घानाचे आर्थिक सल्लागार म्हणून बोलावलं होतं. पंतप्रधान एन्क्रुमांना मोठे दिमाखदार प्रकल्प हवे होते, लुईस हात आखडून धरत होते. दीडएक वर्षात ते परतले. सिद्धांत मांडणं आणि मंत्रिमंडळाला पटवणं यात किती अंतर असतं हे यातून कळतं.

मग अमेरिकन अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो, १९५६. शिंप्याला पहिलं मशीन मिळालं की काम कितीतरी वाढतं, दुसऱ्याने थोडं, तिसरं धूळ खात पडतं. फक्त मशिनं वाढवून कायमची वाढ होत नाही. त्याच मशिनावर जास्त काम निघण्याची युक्ती, म्हणजे तंत्रज्ञान, पुढे सरकायला हवी. ती युक्ती कुठून येते हे सोलो सांगत नाहीत. ते काम पुढे पॉल रोमर यांनी केलं. बुसानहून परतलेले १३० जण इथे पुन्हा आठवा. त्यांनी आणलं ते मशीन नव्हतं.

बाकीचे वाद, सगळे उद्योग एकदम उभारणारा मोठा धक्का हवा की निवडक उद्योगांना आधी पुढे नेणारी असंतुलित वाढ, आयातीला पर्याय की निर्यात, संस्था महत्त्वाच्या की भूगोल, सुरुवातीला वरवर वाचले तरी चालतील. निवडलेल्या देशाच्या वहीत ज्याची गरज पडेल तेवढाच खोल वाचा.

७. "म्हणून" लिहिताना हात आखडा

कोरियाने निर्यात केली म्हणून तो वाढला. साक्षरता होती म्हणून केरळ पुढे गेला. वाचायला छान वाक्यं आहेत, सिद्ध करायला महाकठीण. ज्यांनी निर्यात केली त्यांच्याकडे आधीपासून दुसरंही काही होतंच.

यावर एक उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून प्रयोग. काही गावांना योजना द्यायची, काहींना नाही, आणि कुणाला द्यायची हे नाणेफेकीने ठरवायचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना २०१९ चं नोबेल या वाटेसाठी मिळालं. राजस्थानात उदयपूरजवळच्या खेड्यांतला बॅनर्जी आणि डुफ्लो यांचा एक प्रयोग नवख्याला लगेच कळतो. ज्या गावांत काहीच केलं नाही तिथे बाळांचं पूर्ण लसीकरण ६ टक्के. ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिर भरलं तिथे १८ टक्के. शिबिराबरोबर प्रत्येक खेपेला एक किलो डाळ दिली तिथे ३९ टक्के.

आता घाई करू नका. डाळीने लसीकरण वाढतं हे उदयपूरजवळच्या त्या गावांत दिसलं. सांगलीत दिसेल का? आणि देशात कारखाने का उभे राहत नाहीत, याचा चिठ्ठ्या टाकून प्रयोग करता येत नाही. तिथे इतिहासच वाचावा लागतो. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना घ्या. १९७२ च्या दुष्काळात ती वाढली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तिची कल्पना लावून धरली, शहरातल्या पगारदारांवरच्या व्यवसाय कराचा पैसा तिला बांधून दिला, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याला ती नमुना ठरली. तिच्यामुळे किती गरिबी घटली हे एका आकड्यात सांगणारा माणूस भेटला तर त्याला पाहणीचा तक्ता कुठला होता ते विचारा.

८. शेवटी आपला जिल्हा

परक्या देशाची वही निम्मी भरली की मग घराकडे या. आता डोकं तेवढं तापणार नाही. सामान घराजवळच आहे. राज्य सरकारच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन मराठीत निघतं, आणि अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवसांत राज्याची आर्थिक पाहणी मांडली जाते. मुंबईतल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हावार पत्रकं आहेत, २०१९-२१ ची फेरी मोफत उतरवून घेता येते. त्यातून तुमचा जिल्हा आणि गडचिरोली किंवा नंदुरबार यांचं एकच पान शेजारी ठेवा. महाराष्ट्र श्रीमंत राज्य आहे हे वाक्य त्यानंतर तुम्ही जरा अडखळत म्हणाल. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विभागीय अनुशेष, म्हणजे कुठला विभाग विकासात किती मागे पडला ते, मोजला होता, तो अहवालही ग्रंथालयात शोधा. मोजायचं काय हे ठरवतानाच किती भांडण होतं ते त्यात दिसतं.

मग तीन पानांचं टिपण लिहा. एकच प्रश्न, दोन आलेख, आणि प्रत्येक आकड्याखाली एक ओळ: हा कुणी, कुणाला, कधी विचारून मिळवला. ती ओळ लिहिता येत नसेल तर तो आकडा काढून टाका. पहिल्या मसुद्यात माझ्या एका विद्यार्थिनीचे अकरापैकी सात आकडे असे गळाले. उरलेल्या चारांवर तिने जे लिहिलं ते मी अजून नव्या मुलांना वाचायला देतो.